क्रोशाचे आच्छादन आणि आजोबांचा आवाज

बालवाचकहो, चित्त एकाग्र करावे! एका तबकडीतला आवाज कोणी गिळला, तीन मुलांनी त्याचा माग कसा काढला, आणि संत इलियाच्या सणादिवशी आमच्या गावातील एका वृद्ध मातेची आशा कशी थोडक्यात वाचली, तो वृत्तांत मी येथे यथाशक्ती सादर करीत आहे. यात भूत नाही की चोर नाही. तथापि संकट मात्र खरेखुरे आहे.

"मामा, आणखी एक नाणं नको!" बिल्याना ओरडली.

दोब्रीमामा रेकॉर्ड प्लेअरवर ओणवे झाले होते. सुईच्या दांड्यावर एक नाणे आधीच विराजमान होते. दुसरे त्यांच्या चिमटीत होते.

"वजन पडलं की सुई खोल जाते, खोल गेली की आवाज वाढतो. मला शिकवतेस होय गं, चिमणे?"

दुसरे नाणे बसले. अ‍ॅम्प्लिफायरची कळ शेवटपर्यंत पिळलेली होती, तरी खिडकीतल्या दोन्ही स्पीकरांतून डासाएवढा चिरका स्वरच बाहेर पडला.

"वर आभाळात संत इलिया म्हणे रथ दौडवून गडगडाट करतायत," मामांचा मुलगा कामेन म्हणाला, "आणि इथे आपले आजोबा रांजणात पडल्यासारखे कुजबुजतायत!"

"तुझी जीभ आवर, नाहीतर कांदे सोलायला बसवीन!" मामा गरजले.

अंगणात द्राक्षवेलीखाली स्तांकाआजी नवा रुमाल डोक्याला बांधून बसली होती. तिची दृष्टी केव्हाच गेली होती. मानोलआजोबांनी तारुण्यात गायिलेल्या गाण्याची ही एकमेव तबकडी मागे उरली होती, आणि आजीने पै-पाहुण्यांना निक्षून सांगितले होते, "आज आधी माझा मानोल गाईल, मगच होरोचा नाच!" देवळाची घंटा वाजताच गाव अंगणात जमणार होते.

बिल्यानाने सुईकडे निरखून पाहिले. सुईच्या टोकाशी काळा भुगा साचला होता!

"मामा, आवाज वाढत नाहीये, गाणं खरवडलं जातंय!"

"तबकडीच झिजलीये. याहून जड नाणं हवं. आत्ता आणतो. तोवर कुणी हात लावलात तर याद राखा!" असे म्हणून मामा शेजाऱ्याकडे निघून गेले.

"ताई, आता काय गं?" बिल्यानाच्या धाकट्या बहिणीने, यानाने, रडवेल्या स्वरात विचारले.

"आता डोकं चालवायचं. कामेन, स्पीकर बिघडलेत का ते आधी बघ. रेडिओ लाव!"

कामेनने खटका फिरवला मात्र, बातम्या देणाऱ्या मनुष्याने अशी डरकाळी फोडली की कोंबड्या भिंतीवरून पलीकडे उडाल्या! कामेनने घाईघाईने रेडिओ बंद केला.

"काय फुटलं रे?" चुलीवरच्या कढईपाशी कुरबानचा, म्हणजे सणाच्या बळीच्या मटणाचा, रस्सा ढवळणाऱ्या गेंकामामीने विचारले.

"काही नाही, आई! बातम्या!"

"म्हणजे स्पीकर ठणठणीत आहेत," बिल्याना पुटपुटली. "आणि रविवारी आजी देवळात होती, तेव्हा याच प्लेअरवर आपण दुसरी तबकडी लावली, तर काचा थरथरत होत्या. मग रविवारनंतर घडलं काय?"

"आईने याला झबलं घातलं," कामेन म्हणाला. "आमच्याकडे टीव्हीला झबलं, रेडिओला झबलं, टेलिफोनला टोपी! उद्या मी स्वस्थ बसलो तर मलाही घालेल!"

क्रोशाचे ते शुभ्र आच्छादन खुर्चीवर पडले होते. घट्ट बसावे म्हणून मामीने त्याच्या मागील काठाला फासे विणले होते. याना टेबलाखाली शिरली.

"ताई! इथे मागे एक इवलासा खटका आहे, आणि त्याला पांढरा दोरा अडकलाय!"

बिल्यानाच्या मस्तकात लख्ख प्रकाश पडला. "शाळेच्या रेडिओ मंडळात सांगितलं होतं! सुईचा आवाज मुळात फार बारीक असतो. तो वाढवायची सोय काही प्लेअरच्या पोटातच असते. हा खटका सरकला की ती सोय बंद! फाशाने तो ओढला असणार!"

"मग सरकव की परत!" कामेनने हात घातलासुद्धा.

"थांब!" बिल्यानाने त्याचे मनगट पकडले. "कळ शेवटपर्यंत पिळलेली आहे. आत्ता रेडिओने काय केलं ते विसरलास? स्पीकर फाटतील!"

एवढ्यात दारात मामा उभे! हातात जुने, जाडजूड चांदीचे नाणे.

"बाजूला हो!"

"नाही होणार!" बिल्याना तबकडीपुढे आडवी आली. "एकदा ऐका, मामा. चुकले तर दिवसभर भांडी घासीन!"

त्याच क्षणी देवळाची घंटा घणघणली. अंगणातून आजीचा आवाज आला, "दोब्री, पोरीला करू दे. तुझी नाणी पुष्कळ झाली."

मामांनी नाणे मुठीत दाबले. "एकदाच."

बिल्यानाने दोन्ही नाणी काढली, कुंचल्याने भुगा झटकला आणि कळ शून्यावर आणली. यानाने मागचा खटका सरकवला. सुई अलगद टेकली. मग कळ फिरली, किंचित, आणखी किंचित…

प्रथम खरखर आली. नाण्यांनी केलेली ती जखम कायमची होती. आणि तिच्यातून मानोलआजोबांचा भरदार आवाज अंगणात उतरला! कढईभोवतीची बडबड थांबली. आजीने हात वर केला.

"थांबा रे. पुढच्या कडव्याआधी तो श्वास घेतो."

सगळ्यांनी कान दिले. स्पीकरांतून श्वास ऐकू आला, लांब आणि खोल. आणि आजी हसत हसत रडू लागली.

"माझ्या झबल्याने? छे!" मामीने आधी विश्वासच ठेवला नाही. गाणे संपताच तिने आच्छादन ओढून चढवले. खट्! खटका सरकला. अंगण हास्यात बुडाले. मामीने कात्री आणून मागचे फासे स्वहस्ते कापले, आणि यानाने खटका परत जागेवर आणला.

मामांनी जड नाणे बिल्यानाच्या तळहातावर ठेवले. "मी गाणंच मारलं असतं गं. आजपासून या घरात तबकडी तूच लावायचीस."

"आणि भांडी?" कामेनने विचारले.

"ती मी घासतो!" मामा म्हणाले.

आजीचा हात धरून बिल्याना होरोच्या अग्रभागी उभी राहिली, आणि आजोबा पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागले.

हे लेखन सहनशीलतेने शेवटपर्यंत वाचल्याबद्दल सर्व लहानथोर वाचकांचा ऋणी असलेला,
त्रिफोन माझ्नेव