पिवना गल्लीतला जिना

वीस वर्षं मी लोकांना वॉर्सा दाखवतेय, पण पावसात जुनं गाव दाखवायचं म्हटलं की अजून जिवावर येतं. फरशा निसरड्या होतात, छत्र्या एकमेकींत अडकतात आणि माणसं राजेराण्यांपेक्षा कॉफीचीच चौकशी जास्त करतात. ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी पाच जणांनी सकाळीच फोन करून अंग काढून घेतलं. आल्या त्या एकट्या लेओकाद्याबाई. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, व्रोत्सवाफहून पहिल्या गाडीनं आलेल्या.

राजवाड्यात त्यांचं लक्ष नव्हतं, कॅथेड्रलमध्येही नव्हतं. शेवटी मी जरा तोडूनच विचारलं, की तुम्हाला नेमकं बघायचंय तरी काय. त्यांनी पिवना गल्लीतल्या एका घराचा नंबर सांगितला. त्या तिथं जन्मल्या होत्या, आणि सदुसष्ट वर्षांत त्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

मग एका खानावळीत गरम सूप समोर निवत ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. चव्वेचाळीसचा ऑगस्ट, जर्मन विमानं दिवसभर बॉम्ब टाकत होती. आई जखमींची सेवा करायला गेलेली. अकरा वर्षांची लेओकाद्या धाकट्या बहिणीला, सहा वर्षांच्या तोशाला घेऊन समोरच्या तळघरात निघाली. दारापर्यंत आल्यावर आठवलं, पाण्याची किटली वरच राहिली. दोघी परत वर गेल्या.

आमच्याकडे विसरलेल्या वस्तूसाठी परत फिरलं, तर पुन्हा निघण्याआधी खाली बसायचं आणि दहा आकडे मोजायचे. नाहीतर वाटेत काहीतरी वाईट होतं म्हणतात. मी असलं काही मानत नाही. बसते मात्र दरवेळी.

उतरताना तोशाला ते आठवलं. ती खालून तिसऱ्या पायरीवर बसली आणि मोजायला लागली. लेओकाद्याला धीर नव्हता. तू मोज, मी पुढं होते, असं म्हणून ती रस्त्यावर आली.

"सहा ऐकलं मी," बाई म्हणाल्या. "मग घर पडलं."

तोशाचं काहीच सापडलं नाही, लाकडी तळव्यांचे बूटसुद्धा नाहीत. आईनं कधी दोष दिला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं होतं. त्यांना आता एकच हवं होतं. त्या पायरीवर, तिच्या शेजारी, एकदा बसायचं.

मला फार वाईट वाटलं, पण खोटं बोलणं मला जमत नाही. मी सांगितलं, की त्या युद्धात हे सगळं गाव जमीनदोस्त झालं. आज दिसतं ते जुनी चित्रं बघून पुन्हा बांधलेलं आहे. तुमचं घर त्रेपन्न सालचं, जिना सिमेंटचा, ती पायरी आता नाहीच.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "पण तिला कुठं ठाऊक आहे? ती मला तिथंच शोधणार ना."

मी सूपचे पैसे दिले आणि छत्री उघडली.

आम्ही पोचलो तेव्हा एक भाडेकरू कुत्रा घेऊन बाहेर पडत होता. त्यानंच दार धरलं. आत फिनाइलचा वास, पत्रपेट्यांची रांग, राखाडी पायऱ्या. बाई मोजून तिसरीवर बसल्या, अगदी कडेला, शेजारी जागा सोडून. मी पत्रपेट्यांशी उभी राहिले. कोणी हटकलं तर काय सांगायचं, याचीच मला काळजी.

दार माझ्यामागे बंद झालं. पावसाचा आवाज थांबला. फिनाइलचा वासही गेला आणि नाकात चुन्याची कोरडी धूळ भरली.

या जिन्यातले दिवे माणसाची चाहूल लागली की आपोआप लागतात. चौथ्या मजल्यावरचा दिवा लागला.

वर दार वाजलं नव्हतं.

मग तिसऱ्या मजल्यावरचा. मग दुसऱ्या. सोबत पावलं, बारकी, लाकडावर लाकूड आपटल्यासारखी.

सिमेंटचा जिना करकरला.

"सात," कोणीतरी म्हणालं. लहान आवाज, जरा दमलेला.

बाईंनी मान वळवली नाही.

"आठ."

पहिल्या मजल्यावरचा दिवा लागला.

"नऊ."

पुढं काहीच आलं नाही. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"थांबलीय माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. मग हळूच, "दहा."

त्या काठी न टेकता उठल्या. मी दार उघडलं, पाऊस होता तसाच पडत होता. थांब्यापर्यंत बाई झपाझप चालल्या, उजवा हात जरा खाली, मूठ अर्धी मिटलेली. मी दोनदा त्यांच्यावर छत्री धरली, दोनदा त्यांनी ती दुसऱ्या बाजूला सरकवली. म्हटलं, भिजताय तुम्ही. त्या म्हणाल्या, मी काय, वाळेन.

ट्राममध्ये त्या खिडकीची जागा रिकामी ठेवून कडेला बसल्या. समोर एक जाडजूड आजीबाई, मांडीवर भाजीची पिशवी. आमच्या गावच्या आज्या परक्यांच्या पोरांवरही हक्कानं ओरडतात. तिनं त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, एवढ्या पावसात पोरीचं डोकं उघडं? टोपी कुठंय तिची?"

"चुकलंच माझं," लेओकाद्याबाई म्हणाल्या. इतका आनंदी आवाज मी त्या दिवसभरात ऐकला नव्हता. त्यांनी गळ्यातला रुमाल सोडला, खिडकीकडे वळल्या आणि बांधायला घेतला.

गाठ बसली. त्यांनी हात काढून घेतले. रुमाल खाली पडला नाही.