एकाच पाइपवरची माणसं

दुकानात रबरी पंप एकच उरला होता, आणि तो आम्ही दोघांनी एकाच वेळी धरला. मी रबराकडून, त्याने दांड्याकडून. सोडायला कोणी तयार नाही. शेवटी दुकानदार म्हणाला, बाहेर जाऊन काय ते ठरवा, गिऱ्हाईकं खोळंबलीत.

गरज माझीच मोठी होती. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम बारा दिवस झालेले, जिना उतरायची सोय नाही, आणि घरातला एकुलता एक संडास सकाळपासून तुंबलेला. बाबांनी चहा नको म्हटलं होतं. आज चव नाही म्हणे! चहाला नाही म्हणतील ते माझे बाबा कसले... पोटात घोटभर काही घ्यायचीच त्यांना धास्ती वाटत होती. वॉकर घेऊन शेजाऱ्यांचं दार वाजवायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला फुटपाथवर सांगून मोकळी झाले.  मग त्याने स्वतःचं गाऱ्हाणं सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करतो, आठच दिवसांपूर्वी नव्या घरात आलाय, आणि आज त्याच्या कमोडमधून आपोआप कारंजं उडतंय.

"किती वाजता उडालं?" मी विचारलं.

"नऊला. मग सव्वानऊला. साडेनऊचं सगळ्यात उंच."

त्या तिन्ही वेळा मी फरशी पुसायचा मॉप घालून वरून जोर लावला होता. मी हळूच विचारलं, तुमचं घर म्हणजे इथल्याच दुकानांच्या वरचा पहिला मजला का? मी... दुसऱ्यावर असते.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या भिजलेल्या पँटकडे — आणि हसला. असं हसला, की माफी मागायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

पाइप एकच, आणि तुंबलाय दोघांच्याही खाली. म्हणून ठरलं, त्याने आपल्या कमोडमध्ये ओल्या चादरी कोंबून दाबून धरायचं, मी वरून पंप मारायचा. दोघांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडत होत्या. त्यातून बोलायचं.

मी दहा दणके दिले. काही नाही. खालून विचारणा झाली, दमलात का? मी म्हटलं, दिवसभर जाड पडदे शिवते, माझ्या हातांची काळजी नको. तो म्हणाला, आपल्याला केसाएवढे स्क्रू फिरवायची सवय, जोर कुठून आणणार? म्हणून सरळ चादरींवर बसलोय.

मला इतकं हसू आलं, की पुढचा दणका बादलीवर बसला.

विसाव्या-बाविसाव्या दणक्याला खोल कुठेतरी काहीतरी सुटलं आणि पाणी गडगडत निघून गेलं.

बाबा वॉकर टेकत आले, आत गेले, कडी लावली. बाहेर आल्यावर म्हणाले, चहा टाक. मी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले.

मग मी पंप धुऊन खाली घेऊन गेले. तो म्हणाला, वरच ठेवा, बाबांना लागेल.

"नको. तुमच्याकडेच राहू द्या," मी म्हटलं. "मला खाली यायला निमित्त होईल."

त्याचे कान लाल झाले. "आणि... तुंबलंच नाही तर?"

"तर निमित्ताशिवाय येईन."

गेलेही. पुढे तोच वर यायला लागला, बाबांचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला. ते घड्याळ त्याने चांगलं पाच महिने पुरवलं.

पंप अजून एकच आहे, दुसऱ्या मजल्यावर, आम्हा तिघांच्या दाराआड. खालचं घर पुन्हा रिकामं झालंय. बघायला येणाऱ्यांना पाइपचं आम्ही दोघं आधीच सांगून टाकतो.