थॉर्नवेलबाईंची भिंत

बसा, दिव्याजवळ सरकून बसा. खिडकी उघडीच राहू दे. खाडीचा वास येतोय तो, दुसरं काही नाही.

त्या दिवशी मी मामाकडे गेले ती नुसती भेंडी द्यायला. ईझिकेल मामा, माझ्या आईचा थोरला भाऊ, ऐंशीला टेकलेला, थॉर्नवेलांच्या, म्हणजे आमच्या वाडवडिलांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या गोऱ्या मालकांच्या, जुन्या भातखाचरांच्या कडेला याच खोलीत एकटा राहायचा. तेव्हा या सगळ्या भिंती पत्रांनी मढवलेल्या होत्या.

थॉर्नवेलांचं मोठं घर विकलं गेलं तेव्हा पत्रांची पेटी अंगणात ओतली होती. माझ्या आजीनं ती पत्रं गोळा केली आणि पिठाची खळ करून भिंतीला चिकटवली. वारा अडतो, हे एक. शिवाय कॅरोलायनाच्या या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, घरात शिरलेल्या भुताला भिंतीवरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय माणसाला हात लावता येत नाही. वाचता वाचता कोंबडा आरवतो आणि त्याला परत जावं लागतं.

भूत कोण, तर खुद्द थॉर्नवेलबाई. त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईत गेला. ही पत्रं त्यांनी त्यालाच लिहिलेली, तशीच परत आलेली. म्हातारपणी मरताना त्यांनी आजीच्या कडेवरच्या मामाकडे बोट दाखवलं, "हा पोरगा मला हवाय." बाई गेल्या, हट्ट काही गेला नाही.

लहानपणी मी इथं राहायला यायची. अंथरुणावर पडलं की भिंतीशी हलक्या आवाजात वाचन सुरू व्हायचं. खोटं वाटेल तुम्हाला, पण त्या आवाजानं मला गाढ झोप लागायची. दिवसा त्याच पत्रांवर बोट फिरवत मी वाचायला शिकले. थॉर्नवेलांच्या राज्यात आमच्यातल्या कुणी अक्षर गिरवलं तर पाठ सोलून काढायचे, आणि इथं मी त्यांच्याच पत्रांवर शिकत होते! मामा मात्र शेवटपर्यंत निरक्षर. "तू वाच गं, मी ऐकतो," म्हणायचा आणि शिंपले फोडत बसायचा. फार सुखाचे दिवस होते हो ते.

तर भेंडी घेऊन आले आणि बघते तो काय, भिंती उघड्या! मामानं सगळी पत्रं शहरातल्या दफ्तरखान्याला देऊन टाकलेली.

"मामा, अरे काय करून बसलास हे?"

"म्हातारीची कीव आली गं. जन्मभर भिंतीला नाक लावून उभी. तिकडे दिवे आहेत, खुर्च्या आहेत. बसून वाचेल बिचारी."

"आणि नाही गेली तिकडे तर?"

"तर तू आहेस की! रडू नकोस, भात खा."

अंधार पडला. जुन्या पेटीतल्या रेशमाचा वास आला. पावलं भिंतीपाशी गेली, थांबली. वाचन सुरू झालं नाही. मग पावलं खाटेकडे वळली.

खाटेवरून मामानं मला हाक मारली, "टर्झा... माझ्याकडे बघतेय ती..."

माझ्या तोंडातून आपोआप पहिलं पत्र बाहेर पडलं, "माझ्या लाडक्या बाळा, इकडे सगळे खुशाल..." पावलं थांबली. मग मी सगळी भिंतच पाठ म्हणत गेले. चुलीच्या धुराड्यापाशी मात्र अडले. तिथली ओळ माझ्या जन्माआधीच जळालेली. पाऊल पुन्हा वाजलं. आणि माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "...तुझ्या खोलीतला दिवा मी मालवत नाही."

मी ती ओळ म्हटली आणि पुढचं पत्र सुरू केलं. कोंबडा आरवेपर्यंत थांबले नाही.

तेव्हापासून मी इथंच राहिले. रोज संध्याकाळी पत्रं म्हणायला बसायची, कोंबडा आरवेपर्यंत. मामा त्यानंतर कितीतरी वर्षं जगला आणि गेल्या हिवाळ्यात भर दुपारी, उन्हात बसल्या बसल्या गेला. मी ढसाढसा रडले, पण मनात म्हटलं, चला, बाईंच्या हाती काही लागला नाही.

त्याला पुरून आले त्या संध्याकाळी सवयीनं पत्रं म्हणायला बसले. धुराड्याच्या ओळीशी थांबले. बाईंनी ती ओळ सांगितली, नेहमीसारखी.

मग तीच ओळ परत ऐकू आली. अडखळत, अक्षराला अक्षर जोडत... मामाच्या आवाजात.

आणि बाई हळूच म्हणाल्या, "शाबास, बाळा. पुढचं वाच."