गुरुवारचा साहेब

"मावशी, माझे कागद गेले!"

तव्यावर भाकरी टम्म फुगली होती आणि मोशीच्या मेसच्या दारात दिव्या उभी होती, उन्हानं मान टाकलेल्या रोपासारखी. परळीकडची पोर. आयटीआय करून महिन्यापूर्वीच इथं आलेली. आज चारच्या आत मूळ मार्कशीट दाखवली तर दुसऱ्या एका कारखान्यातली खरी नोकरी तिची. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची.

पण मार्कशीट गेल्या आठवड्यात दुसऱ्याच एका जाहिरातीनं गिळली होती. 'चाकणच्या कारखान्यात थेट भरती. मुलाखत गुरुवारी. मूळ कागद आणणे. भेटा : प्रीतम, एचआर.' आज सकाळी जाहिरातीतल्याच नंबरावरून निरोप आला : कागद पाहिजेत तर सांगू त्या गोदामात सहा महिने राबायचं. मग फोन बंद.

मेसच्या मालकीण मंजुळाबाईंनी गॅस बंद केला.

"मुलाखत कुठं झाली?"

"कंपनीच्या गेटजवळच्या खोलीत. साहेबांनी तोंडाला मास्क लावला होता."

"मशिनींचा आवाज?"

"नाही. चिमण्यांचाच काय तो."

"अन् निघताना?"

"काही नाही. माझी पिशवी बघितली, डबा उघडायला लावला, जा म्हणाले."

"कुणी बघितली?"

"साहेबांनीच की. दुसरं कुणीच नव्हतं तिथं."

दुपारी तिघं कंपनीच्या गेटवर उभी होती : मंजुळाबाई, दिव्या, आणि मेसला रोज जेवणारे हवालदार कोंडीराम. कंपनीचा खरा एचआर प्रीतम बाहेर आला तोच तापलेला.

"माझं नाव कुणीही टाकेल! चार जणांचे बाप माझी कॉलर धरून गेलेत."

"गुरुवारी कुठं हुता?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"घरी, पिंपळे सौदागरला."

गेटवरचा सुपरवायझर रणजीत हसला. "खोटं बोलतायत, राव. ओव्हरटाइम होता, लाइन चालू होती. हेच बसले होते खोलीत. गेटवर मी एकटाच होतो, मीच उघडलं."

"हरामखोरा!" प्रीतम अंगावर धावला. कोंडीराम मध्ये पडले.

"बाई, तुम्ही भाकऱ्या थापा," रणजीत म्हणाला. "चौकशी पोलीस करतील."

"थापते की. ह्या कंपनीचं चाळीस डबं रोज माझ्याकडनंच येत्यात."

रणजीतचं हसू जरा ढिलं पडलं.

"इथली सुट्टी रविवारी न्हाई, गुरुवारी," मंजुळाबाई म्हणाल्या. "नव्या पोरांना ते ठावं नसतं, म्हनून गुरुवारीच बोलावलंस. ओव्हरटाइम असला की आदल्या दिशी डब्याचा निरोप येतो. त्या गुरुवारी एकबी डबा गेला न्हाई, अन् पोरीला मशीन ऐकू आली न्हाई. म्हंजी लाइन बंद हुती."

"म्हणून मी चोर?"

"बंद कंपनीचं गेट उघडलंस तू. गेटवर एकटा तू. तुझ्याच तोंडानं म्हनलास. अन् मुलाखत घेणारा साहेब कधी पोरीचा डबा उघडून बघतो व्हय? ती सवय गेटवरच्या माणसाची. साहेब झालास, पर हात गप राहिला न्हाई."

कोंडीरामांनी रणजीतला गेटवरच्या केबिनचं कपाट उघडायला लावलं. वरच दिव्याची मार्कशीट. खाली अकरा जणांचे कागद.

"कागद हातात असले की पोरं पळत नाहीत," रणजीत गुरगुरला. "गोदामवाल्याला अशीच लागतात. आज मला न्याल, उद्या दुसरा जाहिरात टाकेल. वाचणारे रोज एसटीतून उतरतायत."

"उतरू देत. पहिलं जेवण माझ्याकडंच असतंय त्यांचं."

दिव्यानं मार्कशीटवर हात ठेवला. कोंडीरामांनी तो हळूच बाजूला केला. "पुरावा आहे, पोरी. जमा करावा लागेल."

"कोंडीराम," मंजुळाबाईंचा आवाज चढला, "चारनंतर तो कागद चुलीत घालायचा का तिनं? फोटो काढा, सही घ्या, अन् सोडा."

हवालदारांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा मावशीकडं. मग खिशातून मोबाइल काढला.

सव्वातीनला प्रीतमनं गाडीला किक मारली. दिव्या मागं बसली, कागद ओढणीखाली छातीशी धरून. गाडी वळणापलीकडं दिसेनाशी झाली, तेव्हा मंजुळाबाईंनी चष्मा लावला आणि उरलेल्या अकरा जणांची नावं, गेटवर जमलेल्या गर्दीला ऐकू जातील अशी, एकेक करून वाचायला घेतली.