चमचीवाली डबी

डबी उघडली... आणि मी चाटच पडले. आत मिरचीचा ठेचा!

मागच्या खेपेला ही डबी मी योगराजांकडे ठेवून गेले होते, ती शौचाच्या नमुन्यासाठी. पोटातल्या जंतूंचा आणि सांध्यांच्या आजाराचा काय संबंध, हे धुळ्यातले आमचे सर शोधतायत. नमुने गोळा करते मी. योगराज जळगावात सोन्याच्या साखळ्या घडवतात. वय एकोणतीस, आणि सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत. डबी कशाची, हे लाजेपायी त्यांनी आईला सांगितलंच नव्हतं!

"रिकामी कशी देवू बेटी?" त्यांच्या आई, सुमनबाई, कौतुकानं म्हणाल्या. "घरना ठेचा शे. झाकणले चमची बी शे!"

योगराज कानापर्यंत लाल. मी हसू दाबलं — दाबलं कसलं, फुटलंच. डबी कोरी होती, आणि ठेचा झकास.

मग दर पंधरवड्याला धुळ्याहून एसटी, नवी डबी... आणि त्यांचे प्रश्न.

"मॅडम, पोटातले जंतू बोटांपर्यंत जातात कसे? चालत?"

"जात नाहीत. शरीराचे पहारेकरी पोटातच आपलं-परकं ओळखायला शिकतात. कधी चुकतात, आणि आपल्याच सांध्यांवर धावून जातात. असा संशय आहे हं, पक्कं नाही."

"म्हणजे माझे पहारेकरी ओळखण्यात कच्चे?"

"तुम्ही आहात का पक्के?"

"एका माणसाला तर बरोबर ओळखलंय..." म्हणता म्हणता चिमट्यातली कडी निसटून माझ्या पायाशी पडली. ते हसले, पण डोळ्यांत भीती होती. कडी धरता आली नाही, तर कारागिरी संपली. कडी परत देताना त्यांच्या सुजल्या बोटांना माझा हात लागला — आणि तो मला मागे घेववेना.

काल मी सांगून टाकलं. "पुढच्या वेळी माझी मैत्रीण येईल. किरण."

त्यांचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं? की... ही बोटं बघून?"

"ज्याच्यावर जीव जडलाय, त्याचे नमुने आपण घेऊ नयेत. मी सरांना तसं सांगूनच आले."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग पहिल्यांदाच मॅडम न म्हणता बोलले, "दीपमाला, औषधं चालू आहेत. पण ही बोटं उद्या साधी अंगठी तरी घडवतील का, याची खात्री डॉक्टरही देत नाहीत."

"घडवू नका..." मी हात पुढे केला. "माझ्या बोटात घालता आली, तरी पुरे."