पठारावरचा पहिला घास

मी आयुष्यभर थापा मारल्या. आमच्या आळीत मला 'बंडलकर' म्हणतात आणि ते नाव मी कमावलेलं आहे.

पण हे खरं आहे. एकुलत्या एका मुलीची शपथ. यात मीठमसाला नाही, लागतही नाही.

गेल्या ऑक्टोबरची अठरा तारीख. शनिवार. रात्र नव्हती. दुपारचे साडेबारा.

जागा ओसाकापासून गाडीनं तीन तासांवर, डोंगरांच्या माथ्यावरचं पठार. नाव सांगणार नाही. तुमच्यातलाच एखादा शहाणा मुद्दाम जाईल.

मी मोरेश्वर, रत्नागिरीचा. ओसाकाला मुलीकडे, मैथिलीकडे, राहायला आलो होतो. जावई अंबरीष ट्रेडिंग कंपनीत. त्याला एकच वेड... जंगली हरणांचे फोटो. ऑक्टोबरात तिथले नर माजावर येतात, शिट्टीसारखे ओरडतात, शिंगाला शिंग भिडवतात.

निघताना मैथिली म्हणाली, "बाबा, फोटोच्या नादात तो काहीही करतो. लक्ष ठेवा."

"सहा वाजता तुझा नवरा धड तुझ्या दारात उभा करतो," मी म्हणालो. "एक केस कमी भरला तर माझी मिशी काप!"

वर पोचलो. कमरेएवढं बांबूचं गवत. मध्येमध्ये वाळून पांढरी पडलेली झाडं. अस्वलाला चाहूल लागावी म्हणून तिथे प्रत्येक जण पाठपिशवीला घंटी बांधतो. अंबरीषच्या पिशवीलाही होती. किणकिण... किणकिण...

समोर तीस-चाळीस हरणं चरत होती. दोन नर एकमेकांना जोखत होते. अंबरीष खुशीत होता.

जेवायला बसलो. त्याचे वाटेतल्या दुकानातून घेतलेले भाताचे मुटके, ओनिगिरी म्हणतात त्याला. माझ्याकडे मैथिलीनं दिलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी.

आमच्याकडे रानात जेवताना पहिला घास जागेच्या राखणदाराला ठेवतात. मी दशमीचा तुकडा मोडून, चटणी लावून दगडावर ठेवला.

"बाबा, पाटी वाचलीत ना? इथे काही टाकायचं नाही. कचरा आपला आपण खाली न्यायचा."

"घास म्हणजे कचरा होय, अंबरीषराव?"

"आणि राखणदार जपानी असणार. लसूण झेपेल का त्याला?"

"न झेपायला काय झालं? तुम्हाला झेपली, त्याला झेपणार नाही?" मी हसलो आणि चेष्टेनं मोठ्यानं हाक घातली, "या हो महाराज! पान वाढलंय, जेवायला बसा!"

इथे चुकलो.

आमचा राखणदार आम्हाला सात पिढ्या ओळखतो. घास म्हणजे मान, तेवढाच घ्यायचा, हे त्याला ठाऊक असतं. इथे जे कोण होतं त्याला हे कुणी शिकवलं होतं?

मी जेवायला बोलावलं. ते जेवायला आलं.

आधी शिट्ट्या थांबल्या.

मग वारा.

मग धुकं आलं. पायांकडून वर, दूध ओतल्यासारखं. हरणं चरायची थांबली. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला... आमच्या दगडाकडे.

मी दगडाकडे पाहिलं. घास नव्हता.

"बाबा... तो नर बघा."

दोघांतला थोरला नर जमिनीवरून उचलला गेला. पुरुषभर उंच. चारही पाय हवेत झाडत होते. खाली कुणी नव्हतं. वर कुणी नव्हतं.

मग त्याची मान फिरली. पूर्ण फिरली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

पोट उभं फाटलं. रक्त माझ्या चष्म्यावर उडालं, गरम. एक फरा सांध्यातून निखळला, हवेतच लटकला... आणि तुकड्यातुकड्यानं नाहीसा होऊ लागला.

चावण्याचा आवाज येत होता. सावकाश. तब्येतीत.

बाकीची हरणं पळाली नाहीत. पंगतीत बसल्यासारखी गुडघे मोडून खाली बसली. दुसरा नर गेला. मग एक मादी. गवत लालभडक झालं.

"पळा!" मी ओरडलो.

अंबरीष उठला. दोन पावलं टाकली आणि आडवा झाला. काहीतरी त्याचा पाय धरून त्याला फरफटत नेऊ लागलं.

"बाबा! बाबा, धरा मला!"

धुक्यात तो दिसेना. नुसती घंटी वाजत होती. किणकिण... किणकिण... लांब... आणखी लांब.

मी त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. गवत तुडवत घंटीमागे धावलो. डोक्यात एकच. मैथिलीला काय सांगू?

घंटी थांबली.

अंबरीष उताणा पडला होता. डावा खांदा जाकिटासकट फाडलेला. आत पांढरं हाड. तो किंचाळत होता, आणि त्या किंचाळण्याखाली तोच आवाज... सावकाश, तब्येतीत.

दगड मारून काय होणार? काठीनं काय होणार?

तेवढ्यात सुचलं. पाहुण्याला उठवायचं कसं? त्याच्या हातावर पाणी घालायचं. हात धुतले की जेवण संपलं.

बाटली उघडली. अंबरीषच्या अंगावरच्या रिकाम्या हवेत धार धरली. म्हणालो, "पोट भरलं असेल महाराज. हात धुवा."

पाणी खाली पडलं नाही.

हवेतच साचलं, ओंजळीत साचावं तसं. मग लाल झालं. मग बोटांच्या फटींतून गळावं तसं गळू लागलं. किती धारा होत्या, मोजल्या नाहीत. दहापेक्षा जास्त होत्या.

बाटली संपली.

गवत दबत गेलं, आमच्यापासून दूर... आणि वारा सुटला.

पुढचं थोडक्यात सांगतो. पंचा खांद्यावर बांधला, त्याला पाठुंगळी घेऊन वाहनतळापर्यंत आलो. हेलिकॉप्टर आलं. सहा वाजता मैथिलीनं नवऱ्याला पाहिलं ते शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात.

तिला खरं सांगितलं. ती रडत ओरडली, "बाबा, आज तरी थापा नकोत!"

मग मी अस्वल सांगितलं. सगळ्यांना पटलं. पोलिसांनी लिहूनही घेतलं. जन्मात पहिल्यांदा खरं बोललो आणि तेच खपलं नाही.

डॉक्टर मात्र बराच वेळ जखम पाहत होते. अस्वलाचे दात असे सपाट नसतात, म्हणाले.

आठव्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो. अंबरीष हळूच म्हणाला, "बाबा, हात धुताना ते काय म्हणालं, तुम्ही ऐकलंत?"

"नाही हो. काय म्हणालं?"

त्यानं दाराकडे पाहून आवाज आणखी उतरवला.

"म्हणालं... उरलेलं झाकून ठेवा."

कुठल्या भाषेत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता तो घरी आहे. खांदा भरून आलाय. परवा संध्याकाळी सोफ्यावर त्याचा डोळा लागला. गारठा होता म्हणून मैथिलीनं त्याच्या अंगावर पांघरूण घातलं...

इतकं भयंकर किंचाळणं मी पठारावरही ऐकलं नव्हतं.

परतीचं तिकीट मी दोनदा पुढे ढकललंय. तो झोपला की खुर्ची घेऊन शेजारी बसतो. त्याच्या अंगावर कुणी काही घालू नये म्हणून.