मागच्या सीटचा दिवा

लांबच्या प्रवासाला निघालेलं गिऱ्हाईक गॅरेजात आलं, की दिवेवाला त्याला आधी किल्ली फिरवायला लावायचा. "सगळे दिवे लागू देत, विझू देत. जो विझत नाही त्याचं ऐकायचं. गाडी मुकी नसते, साहेब, आपण बहिरे असतो!" हे तुणतुणं त्याने इतकी वर्षं वाजवलं, की लोक त्याचं खरं नाव विसरून गेले.

आणि त्या दुपारी त्याने स्वतःच्याच गाडीची किल्ली फिरवली, तर एक लाल दिवा विझेना. मागच्या सीटच्या पट्ट्याचा. मागे कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की लागतो तो. मागे त्याची पिशवी होती, ती त्याने पुढे घेतली. दिवा तसाच. सीटवरून हात फिरवला. गाडी सकाळपासून उन्हात तापलेली, पण डाव्या बाजूची गादी दबलेली होती आणि गार होती.

"विझल्याशिवाय निघू नकोस," पायरीवरून थोरला भाऊ म्हणाला. "तूच सांगतोस ना गिऱ्हाइकांना?"

"गिऱ्हाइकांची पोरगी इस्पितळात नसते, दादा."

दादाने फाटक उघडलं.

त्याची पोरगी बारकी एकोणीस वर्षांची. तीनशे किलोमीटरवरच्या शहरात शिकत होती. साधा ताप म्हणता म्हणता श्वास लागला आणि ती अतिदक्षता विभागात गेली. बायको कालच तिच्याजवळ पोचली होती. तासाभरापूर्वी बायकोचा फोन आला होता, की उतार पडलाय, पोरगी बाबाला बोलाव म्हणतेय. त्या एका शब्दावर दिवेवाला उठला होता.

शंभर किलोमीटरवर फोन वाजला. "अहो, परत धाप लागलीय तिला."

दोनशेवर बायको रडत होती. "मशीन लावलंय. ओळखत नाही मला. लवकर या हो!"

त्याने जिवाच्या आकांताने गाडी हाणली. आरशात मागची सीट रिकामी होती आणि समोर दिवा जळत होता.

शहरात शिरल्यावर सिग्नलला थांबावं लागलं. समोर चौथ्या इमारतीवर इस्पितळाची पाटी दिसत होती. गाडी थांबली मात्र, दुसरा दिवा लागला. मागचं डावं दार उघडं असल्याचा. त्याने वळून पाहिलं. दार घट्ट बंद होतं.

फोनवर बायको किंचाळली, "मशीनवरचे आकडे उतरताहेत हो!"

सिग्नल सुटला, गाडी हलली, दाराचा दिवा विझला.

"थांबले... थांबले उतरायचे."

दिवेवाल्याने शंभर, दोनशे आणि हा सिग्नल मनात जुळवून पाहिले. बिघाड शोधायची त्याची एकच रीत होती. एक गोष्ट बदलायची आणि बघायचं. त्याने इस्पितळासमोरूनच गाडी वळवली आणि आल्या रस्त्याने पिटाळली.

दहा किलोमीटरवर बायको म्हणाली, "डोळे उघडले! अहो, हात हलवला तिने!"

एवढ्यावर त्याने मानायला हवं होतं. पण हाडाचा मिस्त्री, एकदा बघून त्याची खात्री होईना. त्याने गाडी पुन्हा शहराकडे वळवली. पाचच मिनिटांत फोनमधून मशीनचा भोंगा ऐकू आला, माणसांची धावपळ आणि बायकोचा हंबरडा.

"नाही! नाही जात!" तो ओरडला. त्याने स्टिअरिंग गर्रकन फिरवलं. पोटच्या पोरीचं आपण काय करून बसलो, या विचाराने त्याला भडभडून आलं. भोंगा हळूहळू थांबला.

मग तो नुसता चालवत राहिला. इस्पितळ मागे पडलं, शहर मागे पडलं. थांबलं की ते दार उघडणार, म्हणून कुठे थांबायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

"कोण आहेस?" त्याने आरशाला विचारलं. "मला ने ना. म्हातारा होत आलोय मी. ते लेकरू आहे रे."

मागे गादी करकरली.

दिवस मावळतीला आला तेव्हा फोनवर बारीक, दमलेला आवाज आला. "बाबा, मशीन काढलं. कुठवर आलास?"



"हा काय, येतोच गं बाळा."

"लवकर ये."

"हो," तो म्हणाला आणि त्याने पाय आणखी दाबला. समोर लाल दिव्याच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला. पेट्रोल संपत आलं होतं.